सेफ्टी नक्की काय अडवते? पिस्तूल, रिव्हॉल्व्हर आणि रायफलींमधल्या अंगभूत सुरक्षायंत्रणांची पारख

माहितीपत्रकावर ‘तीन स्वतंत्र सेफ्टी’ असं ठळक अक्षरांत छापलेलं असतं. त्या तिन्ही मिळून काय अडवतात आणि काय मोकळं सोडतात, हे मात्र त्यात शोधूनही सापडत नाही. म्हणून इथे प्रत्येक यंत्रणा साखळीत कुठे बसते आणि बिघडली तर काय होतं, एवढ्याच दोन गोष्टींवर तिला तोललं आहे.

साखळी अशी: बोट ट्रिगर मागे ओढतं, ट्रिगर बार (ट्रिगरला जोडलेली पट्टी) सिअरला, म्हणजे अडकवून धरणाऱ्या खटक्याला हलवतो, सिअरच्या धारेवर अडकलेला हॅमर (ठोका देणारा हातोडा) किंवा स्ट्रायकर (स्प्रिंगने थेट पुढे सुटणारी पिन) सुटतो, आणि शेवटी फायरिंग पिन काडतुसाच्या प्रायमरवर, म्हणजे बुडातल्या ठिणगी देणाऱ्या भागावर आदळते. सेफ्टी यातली कुठलीही कडी रोखू शकते. फक्त ट्रिगर रोखणारी सेफ्टी बनवायला सोपी आणि सगळ्यांत कमजोर. सिअरची धार झिजली किंवा धक्क्याने निसटली, तर पुढचं सगळं मोकळंच असतं. सिअर रोखणारी त्याहून बरी. हॅमर किंवा पिन थेट धरून ठेवणारी सगळ्यांत भरवशाची.

यात दिशेचा हिशोब मिसळावा लागतो. पिस्तूल नळीच्या तोंडावर पडलं, की ते जागच्या जागी थांबतं आणि आतली पिन स्वतःच्या वजनाने पुढे धावते. स्लाइडच्या (पिस्तुलाच्या वरच्या सरकत्या भागाच्या) मागच्या टोकावर पडलं, की ट्रिगर स्वतःच्या वजनाने मागे जातो, जणू कुणी बोटच लावलंय. हॅमरच्या शेपटीवर पडलं, की सगळा मार हॅमरच्या खाचेवर आणि सिअरच्या टोकावर येतो. तीन दिशा, तीन वेगळे धोके. एकाच यंत्रणेने तिन्ही झाकले जातात असं क्वचितच होतं.

ग्लॉकपासून सुरुवात करू, कारण आजची बहुतेक स्ट्रायकरवाली पिस्तुलं त्याच वाटेने चालली आहेत. ग्लॉक १७ हे ऑस्ट्रियाच्या सैन्यासाठी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला आलं. त्यात बोटाने फिरवायची कळच नाही. ट्रिगरच्या पात्यात एक बारीक पट्टी आहे. ती मधोमध दाबली गेल्याशिवाय ट्रिगर मागे जात नाही, त्यामुळे पिस्तूल पाठीवर पडलं तरी ट्रिगर सहसा हलत नाही. पिनच्या वाटेत स्प्रिंगवर बसलेला एक दट्ट्या आहे, तो नळीवर पडल्यावर पिनला अडवतो. तिसरी यंत्रणा बाहेरून दिसतच नाही: ट्रिगर बारचा क्रॉसच्या आकाराचा मागचा भाग एका कठड्यावर टेकलेला असतो आणि ट्रिगर पुरेसा मागे गेल्याखेरीज तो खाली उतरूच शकत नाही. त्यातच स्ट्रायकरची स्प्रिंग आधी अर्धवटच ताणलेली असते, उरलेला ताण ट्रिगर ओढताना येतो. पडण्याच्या बाबतीत ही रचना उत्तम आहे, यात शंका नाही.

पण या तिन्ही सेफ्टी एकाच गोष्टीने सुटतात: ट्रिगर मागे गेला की. तो बोटाने गेला, जाकिटाच्या नाडीच्या गाठीने गेला, की जुन्या मऊ होल्स्टरच्या (पिस्तुलाच्या म्यानाच्या) आत वळलेल्या कडेने गेला, हे पिस्तुलाला कळत नाही. साधारण अडीच किलोचा दाब आणि सव्वा सेंटिमीटरची वाट, मध्ये दुसरं काही नाही. त्यामुळे अशा पिस्तुलाची चौथी सेफ्टी म्हणजे होल्स्टर. ट्रिगर गार्ड (ट्रिगरभोवतीची कमान) पूर्ण झाकणारा आणि पिस्तूल बाहेर असतानाही तोंड उघडं ठेवणारा कडक होल्स्टर ही ऐच्छिक वस्तू नाही. पिस्तूल आत सारताना अंगठा स्लाइडच्या मागे ठेवण्याची सवय हॅमरवाल्या पिस्तुलात फार उपयोगी पडते, कारण हॅमर उठायला लागला की अंगठ्याला कळतं. ग्लॉकच्या मागच्या झाकणाऐवजी बसवता येणारं ‘स्ट्रायकर कंट्रोल डिव्हाइस’ नेमकी हीच सोय देतं: ट्रिगर मागे जाऊ लागला की झाकण अंगठ्याला मागे ढकलतं, आणि अंगठा दाबून धरला तर ट्रिगर तिथेच थांबतो. अंगावर पिस्तूल बाळगणाऱ्याने हा खर्च आधी करावा, ट्रिगर हलका करण्याचा विचार नंतर. खरं तर करूच नये.

ग्लॉकचा दुसरा दोष खोलण्यातला आहे. स्लाइड काढण्याआधी ट्रिगर ओढावाच लागतो. मॅगझिन (काडतुसांची पेटी) काढलं, पण चेंबर (नळीच्या मागचं काडतुसाचं घर) पाहायचं राहिलं, आणि सफाईच्या टेबलावर बार उडाला, असे अपघात याच पायरीवर होतात. स्मिथ अँड वेसनच्या एम अँड पी मालिकेत यावर उपाय आहे: स्लाइड मागे अडकवून आतली एक छोटी पिवळी कळ खाली दाबली की सिअर मोकळा होतो आणि ट्रिगरला हात न लावता स्लाइड निघते. बाकी सगळं सारखं असेल, तर निवड करताना एवढ्या एका गोष्टीला वजन द्यावं.

सिग सॉअर पी३२० चं प्रकरण प्रत्येकाने समजून घ्यावं, कारण ‘फायरिंग पिन ब्लॉक आहे, म्हणजे पडल्यावर सुरक्षित’ हा समज त्याने मोडीत काढला. त्यात स्ट्रायकर रोखणारी सेफ्टी होतीच. पण ट्रिगरला मधली पट्टी नव्हती, आणि मूळ ट्रिगर वजनाने जड होता. पिस्तूल नळी वर करून, तिरक्या कोनात मागच्या टोकावर पडलं, की ट्रिगर स्वतःच्याच वजनाने मागे जायचा. ट्रिगर मागे गेला म्हणजे ब्लॉकही आपोआप बाजूला झाला आणि स्ट्रायकरही सुटला. अडवणारा आणि सोडणारा, दोघांनाही हुकूम एकाच ठिकाणाहून मिळत होता. ऑगस्ट २०१७ मध्ये कंपनीने स्वेच्छेने बदल करून देण्याची घोषणा केली: हलका ट्रिगर, हलका स्ट्रायकर आणि सिअर, शिवाय एक यांत्रिक डिस्कनेक्टर (स्लाइड पूर्ण बंद नसताना ट्रिगरचा सिअरशी संबंध तोडणारा भाग). प्रमाणित चाचण्या पिस्तुलाने आधीच पार केल्या होत्या. उद्योगसंस्था ‘सामी’ची चाचणी चार फुटांवरून, रबरी चटईवर, ठरलेल्या सहा स्थितींत होते. अधलामधला तिरका कोन त्यात येत नाही. चाचणी पार केली एवढं वाचून थांबू नये. ट्रिगर हलका आहे की जड, त्याला पट्टी आहे का, हे स्वतः पाहावं.

आता १९११, म्हणजे त्याच नावाचं कोल्टचं जुनं पिस्तूल. बाहेरून सेफ्टींची रेलचेल: अंगठ्याची कळ सिअरला अडवते आणि स्लाइडही रोखते, मुठीच्या मागची ग्रिप सेफ्टी ट्रिगरला अडवते. पाठीवर पडताना ट्रिगर मागे जाण्याचा धोका ग्रिप सेफ्टी पुरता झाकते, कारण हातातून सुटलेल्या पिस्तुलाची मूठ कुणी दाबत नाही. पण मूळ रचनेत पिनला अडवणारं काही नाही, फक्त पिनची स्प्रिंग. नळीवर पडल्यावरचा धोका तसाच राहतो. कोल्टने १९८० च्या दशकात ‘सिरीज ८०’ आणली, तिच्यात ट्रिगरसोबत उचलला जाणारा दट्ट्या आहे. ट्रिगरची गोडी जाते म्हणून अनेक नेमबाज ‘सिरीज ७०’ पद्धतीचीच रचना शोधतात. स्पर्धेत ते ठीक. रोज अंगावर बाळगायचं असेल तर सिरीज ८० घ्या, किंवा निदान हलकी टायटॅनियमची पिन आणि जास्त ताकदीची स्प्रिंग असलेलं घ्या. पिन हलकी म्हणजे धाव कमी, एवढं साधं गणित आहे. मात्र ती स्प्रिंग झिजणारी वस्तू आहे. काही हजार गोळ्यांनंतर ती बदलायचीच, हे गृहीत धरा.

सीझेड ७५ घेताना नावापुढचं अक्षर पाहा. ‘बी’ म्हणजे पिन ब्लॉक असलेलं. जुन्या साध्या ७५ मध्ये तो नाही. ‘बीडी’ म्हणजे त्यात डिकॉकरही, म्हणजे बार न उडवता हॅमर खाली आणणारी कळ आहे. साध्या ‘बी’ मध्ये चेंबर भरलेलं असताना हॅमर खाली आणायचा, तर अंगठ्याने धरून ट्रिगर ओढावा लागतो. घामेजलेल्या किंवा हातमोजा घातलेल्या अंगठ्याने ते करणं म्हणजे संकटाला निमंत्रण. डिकॉकर नसेल तर पिस्तूल कॉक करून (हॅमर मागे ताणून) सेफ्टी लावून ठेवा, अंगठ्याच्या खेळात पडू नका.

डिकॉकरचे दोन घराणे आहेत. बेरेटा ९२ एफएसची कळ स्लाइडवर असते. ती खाली केली की पिनचा मागचा तुकडा फिरून हॅमरच्या वाटेतून बाजूला होतो, मग हॅमर आपटतो. यंत्र म्हणून फार सुंदर: हॅमर पडतानाही पिनपर्यंत पोचत नाही. अडचण एकच. अडकलेलं काडतूस काढायला स्लाइड वरून मुठीत धरून जोरात ओढली, की कळ नकळत खाली जाते आणि पिस्तूल सेफ होऊन बसतं. ‘जी’ प्रकारात ही अडचण नाही, त्यात कळ फक्त डिकॉक करते आणि स्प्रिंगने परत वर येते. सिग पी२२६ मध्ये डिकॉकर फ्रेमवर (मुठीच्या सांगाड्यावर) डाव्या बाजूला आहे, वेगळी हाताची सेफ्टी नाही, आणि पहिला दाब साधारण साडेचार किलोचा. लांब आणि जड पहिला दाब ही एक गंभीर सेफ्टी आहे, तिला कमी लेखू नये. फक्त होल्स्टरमध्ये ठेवण्यापूर्वी डिकॉक करणं विसरलात, तर आत जातं ते दोन किलोच्या आसपास ट्रिगर असलेलं पिस्तूल.

रिव्हॉल्व्हरमध्ये जुनं आणि नवं यांतला फरक सगळ्यांत स्पष्ट दिसतो. १८७३ च्या कोल्ट सिंगल ॲक्शन आर्मीमध्ये हॅमरचं टोक थेट काडतुसाच्या प्रायमरवर टेकतं. पहिल्या खाचेला ‘सेफ्टी नॉच’ म्हणतात, पण सिअरचं टोक आणि ती खाच इतकी बारीक की हॅमरवर पडलेला मार ती तोडू शकतो. म्हणून आजही त्या रचनेच्या हुबेहूब प्रतींमध्ये सहाऐवजी पाचच भरतात. हॅमर अर्धा मागे, म्हणजे हाफ कॉकवर घेऊन गेट (काडतूस भरायचं बाजूचं झाकण) उघडा, एक भरा, एक घर सोडा, पुढची चार भरा, हॅमर पूर्ण मागे घ्या आणि हलकेच खाली आणा. रिकामं घर बरोबर हॅमरखाली येतं. खाली बघून खात्री करा, मोजणीवर विसंबू नका.

रुगरने १९७३ मध्ये ‘न्यू मॉडेल’ मालिकेत ट्रान्सफर बार आणला आणि हा प्रश्न मुळातच सोडवला. हॅमर फ्रेमवर टेकतो, पिनला शिवत नाही. ट्रिगर मागे धरलेला असेल तरच एक पोलादी पट्टी वर येते आणि हॅमरचा ठोका पिनपर्यंत पोचवते. ट्रिगर सोडला की पट्टी खाली. जुन्या मॉडेलसाठी कंपनीने मोफत बदल करून देण्याची सोयही ठेवली. स्मिथ अँड वेसनचा हॅमर ब्लॉक याच्या उलट चालतो: पट्टी एरवी हॅमर आणि फ्रेम यांच्या मध्ये उभी असते, ट्रिगर ओढल्यावर खाली सरकून वाट मोकळी करते. १९४४ मध्ये जहाजाच्या डेकवर पडलेल्या रिव्हॉल्व्हरने एका खलाशाचा जीव गेला, त्यानंतर हा ब्लॉक आजच्या रूपात आला.

कागदावर दोन्ही सारखेच वाटतात, बिघाडात मात्र जमीन-अस्मानाचा फरक पडतो. ट्रान्सफर बार तुटला तर गोळी सुटतच नाही, मालकाला लगेच कळतं. हॅमर ब्लॉक तुटला, किंवा ट्रिगर गुळगुळीत करून देणाऱ्या कारागिराने तो परत बसवलाच नाही, तर रिव्हॉल्व्हर पूर्वीसारखंच झकास चालतं आणि सेफ्टी गेल्याचं कुणालाही कळत नाही. मूकपणे बिघडणारी सेफ्टी धोक्याची. हीच कसोटी इतर यंत्रणांनाही लावून पाहा. ग्लॉकच्या दट्ट्याची धार ‘पॉलिश’ करून गोल केली, किंवा हलकी स्प्रिंग घातली, तरी पिस्तूल छान चालतं. सेफ्टी गेलेली असते.

मॅगझिन काढल्यावर ट्रिगर बंद करणारा मॅगझिन डिस्कनेक्ट हा ब्राउनिंग हाय-पॉवरपासून प्रसिद्ध आहे. मॅगझिन काढलं म्हणजे पिस्तूल रिकामं, या जगभर पसरलेल्या गैरसमजावर तो उतारा आहे. ट्रिगर खरखरीत होतो, आणि मॅगझिन बदलताना चेंबरमधली गोळी वापरता येत नाही, हे आक्षेप खरे आहेत. तरी पिस्तूल अनेक हातांतून जाणार असेल, तर ही खरखर सोसावी. चेंबर भरल्याची खूण दाखवणारे इंडिकेटर मात्र दुय्यम. कुठे एक्स्ट्रॅक्टर (काडतूस ओढून काढणारा आकडा) किंचित बाहेर येतो, कुठे वरून पट्टी उभी राहते. अंधारात बोटाने चाचपायला बरं. पण खूण नाही म्हणजे चेंबर रिकामं, असा अर्थ कधीच काढू नका. किल्लीने बंद होणारी अंगभूत कुलुपं साठवणुकीपुरती ठीक, तिजोरीची जागा ती घेत नाहीत.

रायफलीत मापदंड अजूनही माउझर ९८ चाच. बोल्टच्या (चेंबर मागून बंद करणाऱ्या दांड्याच्या) मागची पंखासारखी कळ पिनचा मागचा तुकडा थेट पकडते आणि सिअरवरून किंचित मागे खेचते. डावीकडे मोकळी, उभी असताना पिन बंद पण बोल्ट उघडता येतो, उजवीकडे दोन्ही बंद. मधली स्थिती सोन्याच्या मोलाची, कारण सेफ्टी लावूनच रायफल रिकामी करता येते. दुर्बीण बसवली की उभी कळ आड येते, म्हणून विंचेस्टर मॉडेल ७० ने तीच कल्पना आडवी केली. रेमिंग्टन ७०० ची सेफ्टी दोनच स्थितींची, आणि १९८२ पूर्वीच्या रायफलींत सेफ्टी काढल्याशिवाय बोल्टच उघडत नसे. म्हणजे रिकामी करताना नेमकी मोकळी! त्यातल्या जुन्या वॉकर ट्रिगरमध्ये कनेक्टर हा ट्रिगर आणि सिअर यांच्यामधला सुटा तुकडा आहे. घट्ट झालेलं तेल किंवा कचरा मागे अडकला, की तो पूर्ण जागेवर येत नाही. नंतरच्या एक्स-मार्क प्रो ट्रिगरमध्ये कनेक्टर नाही, पण जोडणीच्या वेळी जास्त लागलेल्या चिकट द्रव्यामुळे २०१४ मध्ये ते परत मागवावे लागले. सॅव्हेजचा ॲक्युट्रिगर हलका असूनही धक्क्यात टिकतो: मधलं पातं दाबलेलं नसताना सिअर निसटला, तर पातं त्याला धरतं आणि बोल्ट उचलून पुन्हा कॉक करावं लागतं.

ब्लेझर आर८ ची वाट सगळ्यांहून वेगळी. बोल्ट बंद केला तरी स्प्रिंग सैलच असते. निशाणा धरताना अंगठ्याने मागची कळ पुढे ढकलली, की मगच ती ताणली जाते. साठवलेली ताकदच नाही, तर अडवायचं काय? चढउताराच्या जागी चालताना याहून चांगली रचना नाही. अंगठ्याला जोर लागतो आणि थंडीत हातमोज्याने त्रास होतो, एवढं मान्य करून घ्यावी.

दुनळी बंदुकीत वरची सरकती सेफ्टी बहुतेक वेळा फक्त ट्रिगर अडवते, हॅमर नाही. चांगल्या साइडलॉक (यंत्रणा बाजूच्या पट्टीवर बसवलेल्या) बंदुकांत दुसरा, आडवा येणारा सिअर असतो. खरेदीत त्याबद्दल जरूर विचारा. तो नसेल, तर चालताना बंदूक मोडून उघडी ठेवणं हीच सेफ्टी. एआर-१५ या आपोआप भरणाऱ्या रायफलीत पिन मोकळी तरंगते, त्यामुळे काडतूस चेंबरमध्ये जाताना प्रायमरवर बारीक ठिपका उमटतो. तेच काडतूस पुन्हापुन्हा चढवू नका. एसकेएस रायफलीत पिन ग्रीसने अडकून पुढे राहिली, तर बोल्ट बंद होतानाच बार उडू शकतो. सुटा बोल्ट कानाशी हलवा, पिनची खळखळ ऐकू आली पाहिजे.

स्मार्ट, म्हणजे फक्त मालकाच्या हातात चालणाऱ्या पिस्तुलांची बाजू अजून कच्ची आहे. आर्माटिक्स आयपी१ हे घड्याळ जवळ असेल तरच चालणारं पॉइंट टूटू (.२२ इंच) काडतुसाचं पिस्तूल. २०१७ मध्ये एका संशोधकाने नळीशेजारी स्वस्त चुंबक धरून त्याचं कुलूप सोडवून दाखवलं. बायोफायरचं पिस्तूल बोटाचा ठसा आणि चेहरा ओळखतं, आणि ट्रिगरच इलेक्ट्रॉनिक असल्याने वेगळी यांत्रिक कडी फसवायला उरत नाही. घरात मुलं असणाऱ्यांसाठी ही दिशा योग्य वाटते. बॅटरी आणि ओल्या बोटांचा प्रश्न मात्र विकत घेण्याआधी स्वतः तपासा.

घरच्या घरी तपासणी कशी करावी? मॅगझिन काढा, स्लाइड मागे अडकवा, चेंबर डोळ्यांनी पाहा आणि करंगळीने चाचपा. काडतुसं त्या खोलीतूनच बाहेर ठेवा. ग्लॉकचा ट्रिगर कडांनी चिमटीत धरून मागे ओढा, मधली पट्टी न दाबता. तो हलता कामा नये. स्लाइड काढून स्ट्रायकरची टाच पुढे ढकला, टोक बाहेर यायला नको. दट्ट्या दाबून पुन्हा ढकला, आता आलं पाहिजे. १९११ मध्ये कॉक करून सेफ्टी लावा, ट्रिगर जोरात ओढून सोडा, सेफ्टी काढा, आणि कान जवळ नेऊन हॅमर अगदी थोडा मागे घ्या. बारीक ‘टिक’ ऐकू आली, तर सेफ्टी असतानाही सिअर सरकला होता, म्हणजे कळ नीट बसवलेली नाही. ग्रिप सेफ्टीसाठी मूठ न दाबता ट्रिगर ओढा. हॅमर पडला, तर पिस्तूल कारागिराकडे. पिनची खात्री पेन्सिलने होते: खोडरबराची बाजू आत घालून पेन्सिल नळीत सोडा, नळी वर धरा. सेफ्टी लावून ट्रिगर ओढल्यावर पेन्सिल हलायला नको, काढून ओढल्यावर उडायला हवी.

स्ट्रायकरची वाट कोरडी ठेवा. तिथे घातलेलं तेल काजळीत मिसळून चिखल होतो आणि दट्ट्या वरच अडकून बसतो. जुनं हत्यार घेताना आधी क्रमांक कंपनीच्या परत मागवलेल्या यादीशी ताडून पाहा, मग आतले ट्रिगर, सिअर आणि स्प्रिंगा मूळच्याच आहेत का ते विचारा. विक्रेता ‘ट्रिगर मस्त हलका करून घेतलाय’ असं कौतुकाने म्हणाला, तर मूळ भाग बसवून वरच्या सगळ्या तपासण्या होईपर्यंत त्यात काडतूस घालू नका.